पुल-आउट सिंक मिक्सर: टाकीखालच्या मजल्यावर चालेल का, कोणता घ्यावा?

वरचा मजला:
पुण्याच्या वाघोलीत सात मजली इमारतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. स्वयंपाकघराचं काम काढलंय, त्यात सिंकचा नळ बदलायचाय. सध्या भिंतीतून आलेला साधा स्वान नेक सिंक कॉक आहे. शेजारी गरम पाण्याचा पॉइंट आहे, पण तो डमी लावून बंद केलेला. गच्चीवर सोलर आहे. नाहीतर सिंकखाली 3 लिटरचा गिझर बसवता येईल. सिंक 24 × 18 इंच, एका भांड्याचं, 9 इंच खोल. ओटा ग्रॅनाइटचा, सिंकच्या मागे सरकती नाही तर आत उघडणारी खिडकी आहे. पाणी बोअर आणि टँकरचं.

ओढून बाहेर काढता येतो तसला, शॉवरवाला मिक्सर घ्यायचा मनात आहे. कढया, कुकर धुवायला आणि सिंकचे कोपरे साफ करायला बरा पडेल. दुकानात तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. प्रेशर पुरेल का? भिंतीतल्या पॉइंटवर तो बसेल का? आणि या पाण्यात किती टिकेल?

अर्धा इंच:
रंग, डिझाइन सगळं नंतर. आधी प्रेशर बघा, कारण तुमच्या मजल्यावर निम्मा निकाल तिथेच लागतो.

पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे ढोबळमानाने 1 बार. तुमच्या ओट्यावरच्या नळापासून स्लॅब साधारण 2 मीटर वर, त्यावर टाकीचा चौथरा मीटर-दीड मीटर. म्हणजे टाकीच्या बुडापासून नळापर्यंत जेमतेम 3 ते 3.5 मीटर, अर्थात 0.3 ते 0.35 बार. टाकी भरलेली असली की थोडं जास्त. तुमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर हाच आकडा 1.2 बारच्या पुढे जातो, म्हणून खालच्यांचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही.

पुल-आउट नळ मुळात जास्त प्रेशर गृहीत धरून बनवलेले असतात. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किमान 0.5 किंवा 1 बार आणि योग्य 1 ते 5 बार असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. कारण सरळ आहे. साध्या सिंक कॉकमध्ये पाणी अर्ध्या इंची वाटेने थेट तोंडापर्यंत येतं. पुल-आउटमध्ये ते आधी दोन बारीक कनेक्शन पाइपांतून, मग कार्ट्रिजमधून (दांडीखालचा, पाणी सोडणारा-मिसळणारा भाग), मग मीटर-दीड मीटर लवचिक पाइपातून, मग व्हॉल्व्हमधून आणि शेवटी शॉवरच्या बारीक भोकांतून जातं. त्या पाइपांची आतली वाट बोटभरही नसते.

हिशेब करून बघा. रेग्युलेटर नसलेला नळ 3 बारला मिनिटाला 9 लिटर देत असेल, तर 0.3 बारला तो 0.9 लिटर नाही देणार, प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे सुमारे 2.8 लिटर. भांडी विसळायला चालून जाईल, पण 10 लिटरचं पातेलं भरायला साडेतीन मिनिटं उभं राहावं लागेल. शिवाय काही नळांत शॉवरचं बटण पाण्याच्या दाबानेच अडकून राहतं. दाब कमी पडला की ते आपोआप सुटून साध्या धारेवर येतं.

अंदाजावर जाऊ नका. अर्ध्या इंची आट्यांचं प्रेशर गेज आणा, पण 0 ते 2.5 बारचं. 0 ते 10 बारच्या गेजवर तुमच्याकडे काटा हलल्यासारखा दिसणारच नाही. सिंक कॉक काढून तिथे गेज लावा, एकदा सगळे नळ बंद ठेवून आणि एकदा बाथरूमचा नळ सोडून वाचा. दुसऱ्या वेळी काटा निम्म्यावर आला, तर दोष उंचीचा नाही, पाइप बारीक किंवा क्षाराने भरलेला आहे.

ओटेकरी:
जागेचं मी सांगतो. भिंतीतल्या पॉइंटवर हा नळ बसत नाही. याला ओट्यात किंवा सिंकच्या मागच्या पट्टीत 35 मिमी भोक लागतं, आणि गरम-थंड दोन्ही पॉइंट ओट्याच्या *खाली* लागतात. काम काढलेलंच आहे, तर टाइल्स बसायच्या आत दोन्ही लाइन खाली उतरवून घ्या. फरशीपासून 18 ते 20 इंचावर, आणि सिंकच्या ड्रेनच्या सरळ मागे नकोत, थोड्या बाजूला. प्रत्येकावर अँगल कॉक, म्हणजे तेवढीच लाइन बंद करणारा छोटा कॉक, हवाच. तो नसेल तर उद्या वॉशर बदलायला अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागेल.

ग्रॅनाइटला भोक डायमंड कोअर बिटने, पाणी मारत, हॅमर बंद ठेवून. सिंकच्या कापाच्या फार जवळ घेतलं तर मधली चिंचोळी पट्टी तडकते, म्हणून भोकाच्या कडेपासून सिंकच्या कापापर्यंत दीड-दोन इंच दगड राहू द्या. खालून नटाबरोबर घोड्याच्या नालेसारखा वॉशर येतो, तो सपाट बसायला भोकाभोवती जागा लागते. ओट्याखाली कडप्प्याची आडवी पट्टी किंवा ट्रॉलीची चौकट नेमकी तिथेच येते का, हे ओट्याखाली डोकं घालून बघा. वरून कळत नाही. नळ सिंकच्याच पत्र्यावर घेणार असाल तर पत्र्याखाली आधाराची प्लेट टाका. हा नळ दिवसभर ओढला जातो, पातळ पत्रा डुलायला लागतो आणि मग नट ढिला होतो.

आता खिडकी. आत उघडणारी आहे म्हणता, मग पुल-डाउन विसरा. पुल-डाउन म्हणजे उंच कमान, तोंड खाली ओढायचं. त्याची उंची 40-45 सेंमी असते, झडप त्यावर आदळणार. पुल-आउट बुटका असतो, तोंड तिरकं, आपल्याकडे ओढायचं. ओट्यापासून झडपेच्या खालच्या कडेपर्यंत माप घ्या आणि नळाची पूर्ण उंची, दांडी वर उचललेली धरून, त्याहून कमी आहे का बघा. काही नळांची दांडी मागे झुकते, तिला भिंतीपासून 2-3 इंच मोकळे लागतात. दांडी उजव्या बाजूला असलेला घेतला की हा प्रश्नच राहत नाही.

बुटक्याची एक अडचण: तोंडाखाली उंच पिंप किंवा कळशी उभी राहत नाही. पण तोंड बाहेर येतं, त्यामुळे भांडं ओट्यावर ठेवून भरता येतं. 18 इंची सिंकला नळाची पोच 20-22 सेंमी पुरते, धार साधारण मधोमध पडते.

ओट्याखाली पाइपाला एक वजन अडकवलेलं असतं, तेच तोंड परत आत खेचतं. त्याला खाली-वर व्हायला मोकळी जागा पाहिजे. तिथे कचऱ्याचा डबा, शुद्धीकरण यंत्राची नळी, गॅसचा पाइप आणि बॉटल ट्रॅप (सिंकच्या ड्रेनखालची बाटली) यांची गर्दी असली की पाइप कशात तरी अडकतो आणि तोंड लोंबत राहतं. लोक नळाला नावं ठेवतात, दोष खालच्या पसाऱ्याचा असतो. वजन कुठे अडकवायचं त्याची खूण बहुतेक पाइपांवर असते. नसेल तर तोंड आत बसवून पाइपाचा सगळ्यात खालचा झोळ शोधा आणि वजन त्याच्या किंचित वर, नळाच्या तोंडाकडे जाणाऱ्या बाजूला लावा. ते ट्रॉलीच्या तळावर टेकता कामा नये.

वरचा मजला:
दोघांचेही आभार. गेज लावलं, सगळे नळ बंद असताना 0.35, बाथरूमचा सोडल्यावर 0.3. प्लंबर म्हणतो, "आतला व्हॉल्व्ह काढून टाकू, पाणी वाढेल." नाहीतर थंड लाइनला छोटा प्रेशर पंप लावू म्हणतो. गरम पाणी सोलरचंच घेणार. यातलं काय करू?

अर्धा इंच:
दोन्हीत थांबवा त्याला!

वाचनावरून तुमची लाइन चांगली आहे, उंचीच कमी आहे. आता "आतला व्हॉल्व्ह" कोणता, ते आधी विचारा. नळात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक फ्लो लिमिटर: जाळीच्या मागे किंवा पाइपाच्या तोंडाशी प्लास्टिकची छोटी रंगीत चकती, पाणी वाचवायला घातलेली. ती काढा, तुमच्या प्रेशरला तिचा काही उपयोग नाही. दुसरा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह: स्प्रिंगचा, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. त्याला हात लावू नका. पुल-आउटचं तोंड खरकट्या पाण्यात बुडून पडलेलं असतं. त्याच वेळी टाकी रिकामी झाली किंवा कोणी लाइन बंद केली, की वरून खाली जाणारं पाणी तुमच्या सिंकमधलं घाण पाणी ओढून घेतं. ते शेजाऱ्यांच्या पिण्याच्या लाइनमध्ये जातं. व्हॉल्व्ह ते अडवतो.

पंप फक्त थंड लाइनला लावला आणि गरम सोलरचं, म्हणजे नुसत्या उंचीचं राहिलं, तर मिक्सर मिसळणारच नाही. दांडी मध्ये आणली की जोरातलं थंड गरमला मागे रेटतं. दांडी पूर्ण गरमकडे वळवेपर्यंत थंडच येतं. आणि गरमच्या बाजूला नॉन-रिटर्न नसला तर थंड पाणी उलटं सोलरच्या टाकीत चढतं आणि गच्चीवर तिच्या हवेच्या नळीतून वाहायला लागतं. गच्ची ओली दिसली की सोसायटी सोलरवाल्याला बोलावते, आणि नळाकडे कोणाचं लक्ष जात नाही.

सोलरलाही पंपाचं पाणी देऊ, असं तो म्हणेल. आपल्याकडच्या गच्चीवरच्या बहुतेक सोलर टाक्या दाबाच्या नसतात, वर उघड्या नळीच्या असतात. तेही नको.

मग उरलेले रस्ते असे. सोलरचा नाद सोडा, 3 लिटरचा गिझर घ्या, आणि पंप अशा ठिकाणी लावा की त्याच्या *पुढे* एक फाटा नळाच्या थंडला आणि एक गिझरला जाईल. दोन्ही बाजूंना सारखा दाब, मिसळणं नीट. पंप टाकीच्या लाइनवरच हवा, महापालिकेच्या थेट लाइनवर कधीही नाही. पंपाचा फ्लो स्विच किती प्रवाहाला सुरू होतो ते विचारा. धार बारीक ठेवली तर तो चालू-बंद करत राहतो. सोसायटीला आधी सांगा, रात्री त्याचा आवाज भिंतीतून शेजारी जातो.

किंवा पंप नको, मिक्सरही नको. नुसत्या थंड पाण्याचा पुल-आउट मिळतो. दुकानात मिक्सरच मिळाला तर त्याचे दोन्ही कनेक्शन पाइप टी लावून थंड लाइनलाच जोडा आणि दांडी मध्ये ठेवा. दोन वाटांनी पाणी आल्यामुळे धार थोडी सुधारते. गरम पाणी रोज खरंच लागतं का, हे घरात विचारा. 3 लिटरचा, 3 किलोवॅटचा गिझर पाणी 25 अंशांनी तापवून सलग द्यायचं म्हटलं तर मिनिटाला जेमतेम 1.7 लिटर देतो. साठलेलं पहिलं गरम संपलं की कोमट.

खारंपाणी:
टिकाऊपणाचं राहिलं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी मृदू आहे, त्यामुळे शहरातल्या नातेवाइकांचा नळ कसा टिकला ते विचारून उपयोग नाही. तुमचं बोअरचं. टीडीएसच्या पेनवर जाऊ नका, तो एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, काठिण्य नाही. काठिण्य मोजायच्या थेंबांच्या किट मिळतात. आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याचं एकूण काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत बरं, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतं. 300 च्या पुढे असलं तर मॅट काळा नळ घेऊ नका. प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग दिसतो, आणि तो काढायला घासलं की रंगवलेला काळा थर निघतो. पीव्हीडी केलेला, म्हणजे निर्वातात कठीण पातळ थर चढवलेला, टिकतो, पण डाग त्यावरही दिसतातच. ब्रश केलेलं स्टील किंवा साधं क्रोम सगळ्यात सोसतं.

शॉवरची भोकं रबरी हवीत. अंगठ्याने चोळली की क्षार निघतो. कडक प्लास्टिकची असतील तर सुईने टोचत बसावं लागतं. जाळी महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, फक्त जाळी. अख्खं तोंड रात्रभर बुडवून ठेवलं तर क्रोम धुरकट होतं. बाथरूमचं ॲसिड तर दाराबाहेर.

दुकानात लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे 304" (चांगल्या ग्रेडचं स्टेनलेस स्टील) असं दाखवतात. त्याला काही अर्थ नाही. 202 ग्रेडचं स्टीलही सहसा चिकटत नाही, पितळ चिकटत नाही, आणि जस्ताचा हलका मिश्रधातूही नाही. पितळी आणि जस्ती ओळखायला नळ हातात घ्या, आट्यांच्या आतला धातू बघा: पितळ पिवळं दिसतं, जस्ती करडं. बिलावर धातू लिहून घ्या.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग. खाऱ्या पाण्यात आधी जातात ते कार्ट्रिज, लवचिक पाइप आणि तोंडाचं बटण. कार्ट्रिज 35 मिमी एवढं सांगून भागत नाही. बुडाला पाय असलेलं आणि सपाट अशी दोन घडणी आहेत, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पाइपाचंही तसंच, तोंडाकडच्या आट्या कुठे अर्धा इंची, कुठे एम15. दुकानदाराला नळाच्या आधी या तिन्ही भागांचे नंबर विचारा. "मिळेल हो कधीही" असं उत्तर आलं तर दुसरं मॉडेल बघा. पाइप नायलॉनच्या विणीचा घ्या, स्टीलच्या कड्यांचा आत-बाहेर करताना खरखरतो.

ओटेकरी:
काळ्या रंगाबद्दल सहमत, पण ब्रश केलेल्या स्टीलवर बोटांचे तेलकट ठसे कमी दिसतात, हेही गृहिणींना सांगा, क्रोमवर फोडणीच्या हाताचा प्रत्येक ठसा दिसतो.

बसवताना तीन गोष्टींसाठी प्लंबरच्या शेजारी उभे राहा. नळ जोडण्याआधी दोन्ही अँगल कॉक बादलीत दोन मिनिटं सोडा. नव्या लाइनमधली वाळू, पाइपाचा कीस आणि टेफ्लॉनचे (आट्यांवर गुंडाळायच्या पांढऱ्या पट्टीचे) तुकडे पहिल्याच दिवशी कार्ट्रिजमध्ये जातात आणि सिरॅमिकच्या चकत्यांवर रेघ पडते. मग नळ कायमचा ठिबकतो. दुसरं, टेफ्लॉन फक्त अँगल कॉक भिंतीत जातो तिथे. कनेक्शन पाइपाच्या नटात रबरी वॉशर असतो, नळाच्या बाजूला ओ-रिंग. तिथे टेफ्लॉन गुंडाळलं की वॉशर नीट बसत नाही. वरचं टोक हाताने आवळायचं, पाना लावायचा नाही. खालचा नट हाताने घट्ट करून वर पान्याने पाव फेरा, बस्स.

तिसरं, पाणी सुरू करून शॉवर चालू ठेवा, तोंड पूर्ण बाहेर ओढा, आत सोडा, असं दहा-बारा वेळा करा. नंतर सिंकखाली कोरडा कागद पसरून तासभर ठेवा. या नळांची गळती वर दिसत नाही. तोंडाच्या जोडातून आलेला थेंब पाइपावरून नळाच्या पोटातून खाली उतरतो आणि वजनावरून ट्रॉलीच्या प्लायवर पडतो. कागद ओला झाला तर तोंड आणि पाइप यांच्यामधला वॉशर बघा, बहुतेक वेळा तो खोक्यातल्या पिशवीतच राहिलेला असतो.