कोंबुचा कोणता घ्यावा? आणि त्याने खरंच काही फायदा होतो का?

शेवंती_मानपाडा

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात मानपाड्याला राहते, नोकरी ऐरोलीला. दुपारी साडेचार वाजले की कोल्ड्रिंकसाठी जीव कासावीस होतो, ही दहा वर्षांची सवय. जूनमध्ये रक्त तपासलं तर साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, "आधी ते काळं पाणी बंद करा." तेव्हा ऑफिसमधल्या एका मुलीने कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या चहाची, बाटली हातात ठेवली. पहिल्या घोटाला वाटलं, कुणीतरी कोऱ्या चहात व्हिनेगर ओतून वर सोडा मारलाय. चौथ्या दिवशी आवडायला लागलं. आता रोज एक बाटली होते.

प्रश्न असे. दुकानाच्या फ्रिजमध्ये सात-आठ प्रकार असतात, दीडशेपासून अडीचशेपर्यंत. त्यातला निवडायचा कशावरून? बाटलीवर पचन, प्रतिकारशक्ती, डिटॉक्स असं काय काय छापलेलं असतं, त्यात तथ्य किती? आणि बाबा (वय ७३, मधुमेह, गोळ्या चालू) रोज माझ्या बाटलीकडे बघून "बिअर का गं?" विचारतात आणि मग अर्धा कप मागतात. द्यावा का?

माहीतगारांनी लिहा. "कशाला ती थेरं, ताक प्या" हे उत्तर सासूबाईंकडून मिळालेलं आहे.

ताकवाली

ताक प्या. (हलकं घ्या.)

आंबटशौकीन

शेवंती, पाच वर्षं पितोय, म्हणून अधिकाराने लिहितो. बॉम्बुचा, अॅटमॉस्फिअर, बोरेचा अशी बरीच नावं आपल्याकडे दिसतात. नावावर जाऊ नका. बाटली फिरवा आणि मागचा बारीक मजकूर वाचा, चष्मा लावून.

सर्वात आधी साखर. तक्ता १०० मिलीचा असतो आणि आपण पितो अख्खी बाटली, तिथेच माणूस फसतो. १०० मिलीला ४ ग्रॅम लिहिलंय आणि बाटली ३०० मिलीची, म्हणजे पोटात १२ ग्रॅम. तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या वर जाते, त्यामुळे १२ वाईट नाहीत. पण काही गोड, फळांच्या स्वादाचे प्रकार ८ ग्रॅमपर्यंत जातात, मग बाटलीला २४. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. तुमचा दिवसाचा कोटा साडेचारलाच संपला की!

दुसरं, तो जिवंत आहे का. कोंबुचा म्हणजे साखर घातलेला चहा, त्यात विरजण लावून आंबवलेला. यीस्ट साखर खाऊन थोडं अल्कोहोल आणि गॅस सोडतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. हे सगळे एकत्र नांदतात ती जाड साय म्हणजे स्कोबी. (जाता जाता, फालुद्यात वगैरे नाटा डी कोकोचे जेलीसारखे तुकडे खाल्ले असतील, ती याच कुळातल्या जिवाणूंनी नारळपाण्यावर धरलेली साय.) काही कंपन्या शेवटी पाश्चराइज करतात, म्हणजे तापवतात. मग बाटली महिनोन्महिने फडताळात टिकते, पण आतले जीव मेलेले. चवीसाठी पीत असाल तर बिघडलं नाही. जिवंतपणासाठी जास्तीचे पैसे मोजत असाल तर "अनपाश्चराइज्ड" आणि "फ्रिजमध्येच ठेवा" हे दोन्ही शब्द शोधा. उजेडाकडे धरलीत तर तळाशी तपकिरी गाळ, कधी दोऱ्यासारखं काहीतरी तरंगताना दिसतं. घाबरू नका, ते विरजणच आहे. गाळून प्या नाहीतर तसंच गिळा.

तिसरं, घरी येईपर्यंत ती थंड राहिली का. मागच्या मे महिन्यात मी दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या एका ॲपवरून चार बाटल्या मागवल्या. पिशवी हाताला गरम लागत होती. तरी शहाण्यासारखी एक तिथेच उघडली. शर्ट, भिंत, गणपतीचं कॅलेंडर, सगळं आंबट.

नौपाडा_नाका

+१. गोखले रोडच्या एका दुकानात तर उन्हात रचलेल्या बाटल्या बघितल्या आहेत. जिवंत कोंबुचा उबेत राहिला की आत आंबणं चालूच राहतं, गॅस वाढतो, अल्कोहोलही थोडं वाढतं. २०१० मध्ये अमेरिकेत मोठ्या दुकानांनी याच कारणाने कोंबुचा शेल्फवरून काढून घेतला होता, लेबलवरच्यापेक्षा अल्कोहोल जास्त असल्याच्या शंकेवरून. आपल्याकडेही ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य धरलं जातं. तेव्हा बाबांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही हो, बिअरची लांबची मावसबहीण आहे ती.

ताकवाली

आता गंभीरपणे. रोज दोनशे रुपये, महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस, झाले पाच हजार दोनशे. एवढ्यात अख्ख्या सोसायटीला मठ्ठा पाजता येईल. आणि आंबवलेलंच हवं असेल तर आपल्याकडे काय कमी आहे? नाचणीची आंबील, कांजी, सोलकढी...

आंबटशौकीन

सोलकढी आंबवलेली नसते हो ताई. तो आंबटपणा कोकमाचा.

ताकवाली

बरं, सोलकढी मागे घेते. आंबील घेत नाही.

लिटमस

पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं काढली, आता निवृत्त. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

फायद्याबद्दल. प्रयोगशाळेतल्या नळ्या आणि उंदीर यांच्यावर बरंच काम झालंय, माणसांवर फारच थोडं. साखरेच्या बाबतीत सगळीकडे फिरणारा अभ्यास म्हणजे २०२३ मध्ये छापून आलेला, अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांचा. टाइप-२ मधुमेहाचे १२ जण. चार आठवडे रोज साधारण २४० मिली कोंबुचा, मग मध्ये खंड, मग चार आठवडे तसंच लागणारं दुसरं पेय. कुणाला आधी हे, कुणाला ते. कोंबुचाच्या चार आठवड्यांत उपाशीपोटीची साखर सरासरी १६४ वरून ११६ वर आली. आकडा बघून डोळे विस्फारतात, मान्य. पण बारा माणसं म्हणजे आमच्या लॅबमधली सकाळी सातची रांगसुद्धा नाही. स्वतः संशोधकांनीही याला प्राथमिक चाचणीच म्हटलंय. एवढ्यावर कुणी गोळी कमी करायची नाही, शेवंतीताई, तुमच्या बाबांनी तर मुळीच नाही.

पचनाचं म्हणाल तर आंबवलेली प्रत्येक गोष्ट प्रोबायोटिक नसते. त्या शब्दाला अर्थ आहे: जिवंत जीव, पुरेशा संख्येने, आणि त्यांचा फायदा तपासून सिद्ध झालेला. कोंबुचात कोणते जीव किती, हे बाटलीगणिक बदलतं. तुमच्या पोटाला बरं वाटत असेल तर ते कोल्ड्रिंक सुटल्यामुळेही असू शकतं, त्याचं श्रेय कोंबुचाने का घ्यावं? डिटॉक्सवर मी टाइप करणं वाया घालवत नाही.

दुसरी बाजूही सांगते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात घरी केलेला कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका रक्तातलं आम्ल वाढून अत्यवस्थ झाल्या, त्यातली एक गेली. कोंबुचामुळेच, असं सिद्ध झालं नाही. पण तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने नोंद घेतली, आणि निरोगी माणसाने दिवसाला चार औंस, म्हणजे सव्वाशे मिलीच्या आत, घेतल्यास बहुधा त्रास होऊ नये असं लिहिलं. आधीचं दुखणं असलेल्यांना ती हमी दिलेली नाही. गरोदर बायका, लहान मुलं, केमो चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी कच्चा, म्हणजे पाश्चराइज न केलेला, कोंबुचा टाळावा. मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना अल्कोहोल वर्ज्य सांगतात, तेव्हाही नको. ज्यांना छातीत जळजळतं त्यांना एका बाटलीतच उत्तर मिळेल: याचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) तीनच्या आसपास असतो. दातांसाठी घोट घोट तासभर चघळत बसू नका, पिऊन पाण्याने चूळ भरा. शिवाय यात चहाचं कॅफीन असतंच, तेव्हा रात्रीचं नको.

बाबांसाठी: त्यांच्या डॉक्टरांना बाटली दाखवा. नाव सांगू नका, बाटलीच दाखवा. साखरेचा आकडा त्यांना दिसू दे.

सीवूड्सकर

ताकवालीताईंचा पैशांचा मुद्दा खरा आहे, म्हणून मी घरी करतो. लिटरला वीस-पंचवीस रुपये पडतात. एक लिटर पाणी, दोन चमचे साधा काळा चहा (मसाल्याचा नको, वेलचीचा नको), ८० ग्रॅम साखर. पूर्ण गार झाल्यावर १०० मिली जुना कोंबुचा आणि स्कोबी. जुना कोंबुचा विसरायचा नाही, त्याच्या आंबटपणामुळेच सुरुवातीला नको ते जंतू वाढत नाहीत. तोंडाला मलमलचं फडकं, वर रबर. मे महिन्यात सहाव्या दिवशी होतो, जानेवारीत दहा दिवस घेतो. पीएचच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, ४.२ च्या खाली आल्याशिवाय मी तोंडाला लावत नाही.

बरणी काचेचीच. आईने लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी काढून दिली होती, ती प्रेमाने परत ठेवली. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि हे आम्ल ते ओढून घेतं. पितळ, ॲल्युमिनियम तर नाहीच. पावसाळ्यात सायीवर कोरडी, केसाळ, हिरवट-निळी बुरशी दिसली की स्कोबीसकट सगळं फेकायचं. वरवरचं खरवडून "बाकी चांगलंय" हे इथे चालत नाही. पांढरी, ओली, गुळगुळीत गाठ म्हणजे नवी साय, ती ठीक.

आणि एक कबुली. मागच्या उन्हाळ्यात हापूसचा गर घालून काचेच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि दोन दिवस ओट्यावर विसरलो. पहाटे तीनला धडाम. आम्हाला वाटलं सिलिंडर. काचा डब्यांच्या फळीपर्यंत आणि पंख्याच्या पात्यांवर आंबा. बायको काही बोलली नाही, फक्त झाडू हातात दिला आणि डझनाचा भाव सांगितला. तेव्हापासून फळ घालून दुसऱ्यांदा आंबवणं प्लास्टिकच्या बाटलीत. बाटली दाबून बघायची, कडक झाली की फ्रिजमध्ये.

माझ्याकडे दर महिन्याला एक स्कोबी जास्तीची होते. कुणाला हवी असल्यास सीवूड्स स्टेशनवर आणून देईन, फुकट.

नौपाडा_नाका

अवांतर: फॅनवरचा आंबा चाखून बघितला का?

सीवूड्सकर

हो. अप्रतिम होता.

शेवंती_मानपाडा

सगळ्यांना धन्यवाद, तीन आठवड्यांनी लिहितेय. आंबटशौकीन, तुमचं वाचून रोजची बाटली फिरवली. १०० मिलीला ७.६ ग्रॅम, बाटली ३३० मिलीची. गुणाकार केला आणि बाटली शेजारच्या टेबलावर सरकवली. जिने पहिली दिली होती तिलाच. आता ३ ग्रॅमवाला, आल्याच्या चवीचा घेते, तोही अर्धा आज अर्धा उद्या. उरलेल्या दुपारी ताक. (ताकवालीताई, हसू नका. सासूबाई आधीच हसताहेत.)

बाबांच्या डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन नीट वाचली. म्हणाले, हाच, अर्धा कप, आठवड्यातून एकदा-दोनदा, जेवणासोबत, गोळ्या आहेत तशाच, आणि घरच्या मशीनवर साखर बघत राहा. फायद्यासाठी म्हणून द्यायची गरज नाही, हौस असेल तर द्या. रविवारी जेवताना बाबांना स्टीलच्या पेल्यात ओतून दिला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, भुवया वर.

"नीरा," म्हणाले. "ऊन चढल्यावरची."

आणि पेला पुढे केला. दिला नाही.

सीवूड्सकर, स्कोबी मला द्याल का? येत्या शनिवारी पनवेल लोकलने येते, अकराच्या सुमारास. बरणी काचेची आणू की प्लास्टिकचा डबा चालेल?

सीवूड्सकर

नेण्यापुरता डबा चालेल, झाकण सैल लावा. आणि पिशवी आडवी करू नका. मागच्या वेळी एकाने केली, लोकलच्या अख्ख्या डब्याला वाटलं कुणाचं तरी लोणचं सांडलंय.