चेहरा दिवसातून किती वेळा आणि कशाने धुवावा?

प्रश्न

नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीपर्यंत मी रोज दुचाकीने ये-जा करते. तोंडाला स्कार्फ बांधूनही घरी आल्यावर चेहरा पुसला की रुमाल काळा होतो, त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत मी पाच वेळा साबणाने चेहरा धुते. आम्ही नुकतेच नव्या सोसायटीत राहायला आलो असून तिथे बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. तेव्हापासून धुतल्यावर चेहरा इतका ओढला जातो की हसले तरी ओठांच्या कडा चुरचुरतात आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरी साले निघतात. कपाळ मात्र तासाभरात पुन्हा तेलकट होते. हनुवटीवर बारीक पुरळही उठले आहे. सासूबाई म्हणतात, साबण सोडून डाळीच्या पिठात लिंबू पिळून लाव. काय करावे?

प्रतिसाद १

ताई, मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून पाण्यापासून सुरुवात करतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. साबणाशी त्यांचा संयोग झाला की न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जे पांढरट, चिकट वर्तुळ दिसते, तोच हा साका, आणि तो चेहऱ्यावरही बसतो. तो निघावा म्हणून आपण अधिक चोळतो आणि अधिक साबण लावतो. दुसरी गोष्ट सामूची (pH), म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या मापाची. निरोगी त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. एकदा धुतल्यावर त्वचा काही तासांत पूर्वपदावर येते. परंतु दर तीन तासांनी धुतल्यास तिला तेवढा अवधीच मिळत नाही. चेहरा ओढला गेला म्हणजे तो स्वच्छ झाला, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे आणि ती चुकीची आहे.

प्रतिसाद २

सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण लिंबू कृपया लावू नका. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो, आणि रस लावलेल्या त्वचेवर ऊन पडले तर काळे डाग पडू शकतात. ते माझ्या गालावर पडले होते आणि जायला कित्येक महिने लागले. डाळीचे पीठही आता साले निघत असताना चोळू नये. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल जिरवतात आणि मगच उटणे लावतात, हा क्रम आपल्या आज्यांनी विचारपूर्वक ठेवला होता असे मला वाटते. कोरड्या चेहऱ्यावर रोज पीठ घासणे ही वेगळीच गोष्ट आहे.

प्रतिसाद ३

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आपण दोनच वेळा चेहरा धुवावा, सकाळी आणि घरी परतल्यावर. भरपूर घाम आल्यास आणखी एकदा चालेल, एरवी दुपारी नुसत्या पाण्याचा हबका पुरे. साबणाऐवजी सुगंधविरहित, सौम्य फेसवॉश किंवा सिंडेट वडी (दिसायला साबणासारखी, पण साबण नसलेली, कृत्रिम स्वच्छकाची वडी) वापरावी, कारण क्षारयुक्त पाण्यात तिचा साका होत नाही. वाटाण्याएवढे फेसवॉश ओल्या बोटांवर घेऊन अर्धा मिनिट हळुवार फिरवावे, कोमट पाण्याने धुवावे, टॉवेलने न घासता टिपावे आणि त्वचा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावावे. कपाळावरचे तेल ग्रंथींमधून येते आणि त्यांचे काम मुख्यतः संप्रेरकांवर चालते. कितीही धुतले तरी ग्रंथी थांबत नाहीत. हनुवटीवरच्या पुरळाबद्दल मला आपल्या स्कार्फची शंका अधिक येते. घामाने भिजलेले तेच कापड दिवसभर घासले जात असेल, तर फेसवॉश बदलून भागणार नाही. सुती स्कार्फ वापरावा, तो रोज धुवावा आणि हेल्मेटचे अस्तरही धुवत राहावे. महिनाभरात फरक पडला नाही, तर प्रत्यक्ष दाखवून घ्यावे. मधल्या काळात दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडयुक्त गोरेपणाचे मलम मात्र अजिबात आणू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले. ओठांच्या कडा चुरचुरणे पहिल्याच आठवड्यात थांबले आणि साले निघणेही बंद झाले. स्कार्फ आता तीन ठेवले आहेत आणि रोज एक धुते. हनुवटी बरीच निवळली आहे. कपाळ तेलकट होते ते होतेच, पण आता त्यासाठी साबण हातात घेत नाही.