सकाळी उमलणारी कर्टोली: ही मोमोर्डिका सह्याद्रिका का? (मदत हवी आहे)

मंडळी, रानवेलींची माहिती असणाऱ्यांनी जरा सांगा.

राजापूर तालुक्यात खाडीकडेला आमचं घर. मागच्या गडग्यावर कर्टोलीचा जुना वेल आहे, पाऊस पडला की कंदातून आपला आपण फुटतो. फुलं लहान, फिकट पिवळी, दिवेलागणीला उमलतात आणि वास चांगला घमघमतो. पण वेल नर, त्यामुळे भाजीच्या नावाने बोंब. आई दरवर्षी म्हणते, "उपटून टाक मेल्याला."

काकांनी अणुस्कुरा घाटाच्या पायथ्याकडून एक कंद आणून शेजारीच लावला. मिरगानंतर तो फुटला, आता फुलतोय. फुलं भलतीच मोठी, पिवळीधमक, आणि उमलतात सकाळी! मी चहाचा कप घेऊन मागे जातो तेव्हा पूर्ण उघडलेली असतात. वास जवळजवळ नाहीच. फुलाखाली बारकं काटेरी फळ दिसतं, म्हणजे वेल मादी. पण ते फळ वाढतच नाही, पिवळं पडून देठासकट गळतं.

शोधाशोध केल्यावर मोमोर्डिका सह्याद्रिका हे नाव मिळालं. २००७ साली ही वेगळी जात म्हणून नोंदली गेली, त्याआधी तिला नेहमीच्या कर्टोलीतच, म्हणजे मोमोर्डिका डायोइकात धरत. मोठं फूल आणि सकाळची वेळ, दोन्ही जुळतंय. एवढ्यावर नाव पक्कं धरू का? आणि फळ गळतं ते परागाअभावीच ना? जुन्या नराची फुलं संध्याकाळी, हिची सकाळी, यांची गाठ पडणार कधी?

प्रतिसाद १
कंद खात्रीने घाटातलाच आहे ना? नाहीतर काकरोलही सकाळीच उमलते. बंगाल-आसामकडे तिची शेती होते आणि हल्ली तिचे कंद सगळीकडे फिरतात. तिच्या पाकळ्या फिकट असतात आणि आत बुडाशी गडद जांभळे डाग. आधी ते बघा.

प्रतिसाद २
गळ परागाअभावीच. आमच्याकडे मळ्यात नर कमी पडले की हेच होतं. काकांना म्हणावं, जिथून कंद आणला तिथलाच एक नर आणा. बी लावत बसू नका, उगवायला छळतं आणि नर की मादी ते फुलं येईपर्यंत कळत नाही. नर मिळाला की सकाळी त्याचं ताजं फूल तोडून पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादीफुलाच्या मधोमध हलके फिरवा. जुना वेल मात्र उपटू नका, आईंना सांगा, त्याला गावातून एखादी मादी आणून द्या.

धागाकर्ता
आत्ताच बघून आलो. डाग अजिबात नाहीत, पाकळी बुडापर्यंत पिवळी. नर कंदासाठी काकांना फोन केलाय, ते म्हणाले पाऊस उघडू दे. तोवर संध्याकाळचं नरफूल ओल्या फडक्यात ठेवून सकाळी लावून बघू का? कोणी केलंय असं?