लोकशाहीर म्हणजे लोकशाहीवाला का?

परवा १ ऑगस्टला भाचीला स्कूटरवर मागे बसवून निघाले आणि सारसबागेपाशी अडकले, अण्णाभाऊ साठेंची जयंती, पुतळ्याजवळ ही गर्दी, हलग्या कडाडतायत. पोरगी निवांत फ्लेक्स वाचत होती. म्हणे, मावशी, लोकशाहीर म्हणजे लोकशाहीवाला ना? मी हसले, पण सिग्नल सुटेपर्यंत मलाच नीट सांगता येईना. शाहीर म्हणजे पोवाडे म्हणणारा एवढंच बोलले. मग शाहीर आणि शायर एकच का? आणि अण्णाभाऊंनी तर ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या, मग त्यांना लेखक न म्हणता शाहीर का म्हणतात? कुणीतरी सांगा रे.

—

ताई, भाचीची फोड चुकली, पण चूक मस्त आहे. लोकशाही म्हणजे लोक अधिक शाही, म्हणजे निजामशाही, आदिलशाहीतली शाही, ती फारसी शाह म्हणजे राजा ह्यावरून आलेली. लोकशाहीर म्हणजे लोक अधिक शाहीर, आणि हा शाहीर अरबी शाइर म्हणजे कवी. शेर, मुशायरा ही त्याचीच भावंडं. त्यामुळे शायर आणि शाहीर मुळात एकच शब्द, फक्त आपल्याकडे दोनदा आला. आधी आला तो इथल्या मातीत मुरून शाहीर झाला, नंतर उर्दू गझलेबरोबर आला तो शायरच राहिला. शायर बैठकीत बसून दाद घेतो, शाहीर हातात डफ घेऊन उभा राहतो, आणि मागे झीलकरी नसतील तर त्याचं अर्धं गाणं पडतंच.

—

वरच्या प्रतिसादात झील आलंय म्हणून, मराठीतली झील म्हणजे तलाव नव्हे. शाहिरानं ओळ टाकली की मागचे सूर उंच धरून जी जी रं जी करतात ती झील, तुणतुणं आणि झांजा पण त्यांच्याकडेच. "साहेब बोलले की हा झील ओढणार" असं आमच्या ऑफिसात एकाबद्दल म्हणतात, ते इथूनच. मला वाटतं शाहिराला नुसता कवी म्हणता येत नाही ते ह्यामुळेच, कागदावर एकट्यानं लिहून तो शाहीर होत नाही.

—

लेखक का म्हणत नाहीत ह्यावर. म्हणतात की, साहित्यसम्राट पण म्हणतात, साहित्यरत्न पण. मला स्वतःला सम्राट जरा खटकतं, लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्ट माणूस, त्याला कुठलं सिंहासन देताय. फकिरा ही कादंबरी १९५९ची, आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली, तीसच्या वर कादंबऱ्या आहेत, तो लेखक मोठाच आहे. पण वाटेगावहून मुंबईला आलेला, शाळेचं तोंड धड न पाहिलेला हा माणूस गिरणगावात आधी पोचला तो आवाजानं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, कामगारांसमोर पोवाडे आणि वग केले. वग म्हणजे तमाशातलं नाटक, पण सुरुवातीच्या गणात गणपतीच्या जागी मायभू आणि शिवबा, आणि पुढे राजाराणीच्या जागी सावकार, शेटजी आणि पुढारी. मग तमाशावर बंदी आली आणि ह्या खेळांना लोकनाट्य हे नाव चिकटलं. लोकशाहीर मधला लोक आणि लोकनाट्य मधला लोक मला तरी एकाच वाऱ्यातले वाटतात. जुन्या सगनभाऊ, होनाजींना कुणी लोकशाहीर म्हणत नाही, नुसतं शाहीर. तेही काही वाड्यातले नव्हते, होनाजी गवळी, सगनभाऊ शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. पण त्यांचा आश्रय पेशवाईतला आणि ह्यांचा चाळीतला.

—

एक भर. अण्णाभाऊंचं गाणं आहे ना, माझी मैना गावावर राहिली, हिला कुणी लावणी म्हणतं कुणी पोवाडा, ती छक्कड आहे. छक्कड हा लावणीचाच एक ठसकेबाज प्रकार. ऐकताना वाटतं मुंबईला आलेला गडी गावाकडच्या बायकोची आठवण काढतोय, दागिने मोजतोय, रंगरूप सांगतोय, आणि शेवटाला कळतं की मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्रातून बाहेर राहिलेलं बेळगाव, कारवार. शृंगाराचा साचा घ्यायचा आणि त्यात सीमाप्रश्न भरायचा, ह्याला डोकं लागतं राव.

—

शुद्धलेखनवाल्या काकांची एन्ट्री. शाहीर मधला ही दीर्घ, पण विभक्ती लागली की ऱ्हस्व, शाहिराला, शाहिरांनी. त्या फ्लेक्सवर वर "लोकशाहिर" आणि खाली "लोकशाहीरांना अभिवादन" होतं, म्हणजे दोन्ही बरोबर उलटं. मीही त्याच सिग्नलला होतो.

—

काका, मग हॉर्न तुम्हीच मारत होतात का? असो, सगळ्यांचे आभार. भाचीला सगळं वाचून दाखवलं. झील ओढणे तिला फार आवडलंय, आजोबांच्या प्रत्येक वाक्यानंतर जी जी रं जी चालू आहे. आणि नवा प्रश्न आलाय, मग शाहरुख मधला शाह राजाचा का कवीचा?

—

राजाचा. शाह अधिक रुख, रुख म्हणजे चेहरा. तिला सांगा तिथे र शाहला चिकटवायचा नाही, तो रुखमधला.