मार्क ३ अ‍ॅम्बेसेडर औट्रम घाटात तापते: वॉटर बॉडीसोबत आणखी काय बदलू?

चाळीसगाव_मार्क३
१९७८ ची गाडी, मूळचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. गावात काटा मध्यावर असतो. कन्नडकडे जाताना अर्धा घाट चढला की काटा लालकडे सरकतो आणि रेडिएटरच्या कॅपखालून वाफ येते. वॉटर बॉडीच्या (इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या भोकातून थेंब पडतात, म्हणजे ती बदलायचीच. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) आधीच्या मालकाने काढून टाकलाय. आजवर बोअरचंच पाणी. मेकॅनिक म्हणतो, खान्देशात थर्मोस्टॅट लागतच नाही. एकदाच खोलायचंय, काय काय आणून ठेवू?

तापीकाठ
भाऊ, पैसे घालण्याआधी एक तपासणी. थंड इंजिन, कॅप उघडी, गाडी सुरू करा. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, मग वॉटर बॉडी बदलून काही होणार नाही.

बुडबुडे नसतील तर आणा: वॉटर बॉडी आणि तिचं गॅस्केट, वरचा-खालचा होज, क्लिपा, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, रेडिएटर कॅप. खालचा होज आत स्प्रिंग असलेला घ्या. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. मऊ झाला की जास्त रेसवर आत चेपतो आणि पाणी अडतं. गाडी उभी असताना हे दिसत नाही.

थर्मोस्टॅट हाउसिंगच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. हे स्टड हेडमध्ये गंजून बसतात, जोर लावला की तुटतात, आणि मग ड्रिल मारत बसावं लागतं. नट इंची आहेत, अर्ध्या इंचाचा पाना लागतो. १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खातो.

पाणी रेडिएटरखालून काढाच, पण ब्लॉकचा कॉकही उघडा. तो डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूला, मागे असतो. उघडूनही पाणी आलं नाही तर तार घालून टोचा. सगळा गाळ ब्लॉकच्या मागच्या टोकाला बसतो, आणि तिथलाच सिलिंडर जास्त तापतो. निघालेलं पाणी बादलीत मोजून ठेवा, परत किती भरायचं ते कळतं.

रेडिएटर उलटा धरून खालच्या तोंडातून पाणी सोडा. धार बारीक आली तर टाक्या उकलून नळ्यांतून सळई मारून घ्यावी लागेल. बोअरच्या क्षाराला नुसत्या धुण्याने काही होत नाही. तुमचं दुखणं बहुतेक इथेच आहे.

नवी वॉटर बॉडी बसवताना ब्लॉकचा चेहरा खरवडून स्वच्छ करा, बोल्ट कोपऱ्या-कोपऱ्याने आवळा, आणि बेल्ट चढवण्याआधी पुली हाताने फिरवून बघा. आत पंखा घासत असेल तर तेव्हाच कळतं. बाहेरचा फॅन उलटा बसवू नका, तसा बसतो आणि हवा नीट ओढत नाही. बेल्ट लांब बाजूला मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त ताणलात तर नवी बेअरिंगही जाईल.

साक्री_रोड
तापीकाठशी सहमत, पण टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) राहिलं. स्पार्क मागे पडलेला असेल तर रेडिएटर कितीही साफ असला तरी घाटात पाणी उकळतं. डिस्ट्रिब्यूटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा, डायफ्राम फाटलेला असेल तर ओढ धरत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल मेकॅनिकचं ऐकू नका. पूर्ण उघडल्यावर तो पाणी अडवत नाही, घाटात काढून फायदा नाही. उलट जानेवारीत सकाळी इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो आणि तेलात मळी धरते. या इंजिनासाठी उष्ण प्रदेशात ७४ अंशांचा चालतो. बसवण्याआधी पातेल्यात थर्मामीटरसोबत उकळून कधी उघडतो ते बघा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे.

रावेर_बाग
कुलंट: आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून ५०:५० ची गरज नाही. सुमारे ३० टक्के कुलंट, उरलेलं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. कुलंटमधलं ग्लायकॉल जास्त झालं की उष्णता वाहून नेणं कमी होतं. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाक (सोल्डरचे जोड) असते, तेव्हा जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं घ्या. नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो.

कॅप किती दाबाची ते मूळ कॅपवरच वाचा. ७ पाउंडाच्या कॅपने साधं पाणी सुमारे १११ अंशांवर उकळतं. कॅपची रबरी सील गेली की हा सगळा फायदा गेला. जास्त दाबाची लावायचा मोह टाळा, जुन्या डाकेला ते झेपणार नाही.

भरताना कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा. वरचा होज गरम झाला की पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा, तोंडापासून इंचभर खाली.

चाळीसगाव_मार्क३
क्षारासाठी लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) चालेल का? आणि थेंब थांबवायला हळद टाकायला सांगतात, ती?

तापीकाठ
लिंबूफूल चालेल, लिटरला २०-२५ ग्रॅम. पण रेडिएटर उघडण्याआधी, जुनी वॉटर बॉडी असतानाच करा. अर्धा तास गरम चालवून काढा, रात्रभर ठेवू नका, नंतर दोनदा साध्या पाण्याने धुवा. ब्लॉकचे कोर प्लग (बाजूच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) कधीकधी गंजानेच बंद असतात, धुतल्यावर गळू लागतात. बाजूने हात फिरवून बघा, जोडी आणून ठेवलेली बरी.

हळद नको भो. ती नळ्यांतच जाऊन बसते, आणि मग सळई मारायला आहेच.