गोष्ट पाठ, पण वाचन अडते: स्मरणशक्ती कमी असावी का?

प्रश्न (चौथीतल्या मुलाची आई):
माझा मुलगा मराठी माध्यमात चौथीत आहे. गोष्ट वाचून दाखवली तर ती तो आठवड्यानंतरही बारकाव्यांसह सांगतो. मात्र तोच धडा स्वतः वाचायला घेतला की 'प्रकाश'चा 'पकाश' होतो आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात तो विसरलेला असतो. 'दप्तर जागेवर ठेव, हात धू आणि डबा घासायला टाक' असे एका दमात सांगितले तर फक्त डबा मोरीत जातो. वर्गशिक्षिका याला निष्काळजीपणा म्हणतात. त्याची स्मरणशक्तीच कमी आहे का?

उत्तर (विशेष शिक्षिका):
आठवड्यानंतर गोष्ट आठवते, त्या अर्थी साठवणीची स्मृती शाबूत दिसते. अडचण बहुधा वर्किंग मेमरीची, म्हणजे हातातले काम संपेपर्यंत माहिती मनात धरून ठेवण्याची असावी. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली विशिष्ट अडचण, असलेल्या अनेक मुलांमध्ये ती तोकडी पडते. शिवाय शब्दातले सुटे ध्वनी वेगळे करणे आणि ओळखीचे अंक भराभर म्हणणेही त्यांना जड जाते. देवनागरीत आणखी एक पेच आहे: 'कि'मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते पण 'क'नंतर उच्चारायची असते, तर 'कर्म'मधला रफार 'म'च्या डोक्यावर असूनही त्याच्याआधी म्हणायचा असतो. अक्षरे जुळवण्यातच मन गुंतले, तर अर्थाकडे लक्ष कसे जाणार? याचा बुद्धीशी संबंध जोडू नये. निदान मात्र चाचणीनंतरच होईल.

उत्तर (एक पालक):
आमच्या मुलीचे डोळे आणि कान आधी तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग स्मरणशक्ती वाढवणाऱ्या ॲपवर आम्ही सहा महिने घालवले. खेळातले गुण वाढले, वाचन होते तिथेच राहिले. उपयोग झाला तो एका वेळी एकच सूचना देण्याचा आणि जोडाक्षरे फोडून, बोटाने गिरवत वाचण्याचा.

उत्तर (विशेष शिक्षिका):
ॲपबद्दलचा अनुभव संशोधनाशी जुळतो: अशा सरावाचा फायदा सहसा त्याच खेळापुरता राहतो. चाचणी मुलाच्या माध्यमाच्या भाषेतच व्हावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ मागता येतो. शाळेशी बोलताना त्याच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे, कारण 'निष्काळजी' हा शब्द बहुतेक वेळा वही पाहून वापरला जातो, मुलाला वाचताना ऐकून नव्हे.