‘ओपन फाइल’ला मराठीत काय लिहावं?

सुलेखा : संस्थेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ आणि बोधचिन्ह बाहेरच्या डिझायनरकडून करून घ्यायचं आहे. करारपत्र मराठीत हवं. ‘ओपन फाइल’ला ‘खुली फाइल’ आणि ‘करेक्शन’ला ‘दुरुस्ती’ लिहिलं तर चालेल का?

खिळेजुळारी : ‘खुली फाइल’ नको. कुणीही वापरावी अशी फाइल, असा भलताच अर्थ त्यातून निघतो. ज्यात मजकूर पुन्हा टाइप करता येतो, चित्रं हलवता येतात, थर वेगळे असतात ती ओपन फाइल. म्हणून ‘संपादन करता येईल अशी मूळ फाइल’ लिहा आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव व आवृत्तीही लिहा. कोरल (कोरलड्रॉ हा चित्र-मांडणीचा प्रोग्रॅम) याच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे प्रेसकडे कोणती आवृत्ती आहे हे आधी विचारायला हवं.

सीडीआर (कोरलची फाइल) किंवा एआय (इलस्ट्रेटरची फाइल) एवढंच लिहिलंत तर फसाल. फाइल ‘कर्व्ह’ केलेली असली तरी तिचं नाव सीडीआरच राहतं. कर्व्ह करणं (इलस्ट्रेटरवाले याला ‘आउटलाइन’ म्हणतात) म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करणं. प्रेसकडे फॉन्ट नसला तरी अक्षरं जशीच्या तशी छापली जातात, हा फायदा. पण पुढच्या वर्षी ‘कार्याध्यक्ष’ बदलले की ते नाव त्या फाइलमध्ये टाइप करता येत नाही. दोन्ही फाइली मागा : छपाईसाठी कर्व्ह केलेली, जपून ठेवायला मजकूर जिवंत असलेली. काम इनडिझाइन या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये असेल तर ‘पॅकेज’ (फाइल, चित्रं, फॉन्ट असं सगळं एका फोल्डरमध्ये) असा शब्द हवाच. नुसती आयएनडीडी (इनडिझाइनची फाइल) मिळाली तर जोडलेली चित्रं आणि फॉन्ट तिच्याबरोबर येतीलच असं नाही.

वेलांटी : मराठी कामात आणखी एक अट घाला : मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो आणि संकेतस्थळासाठी उचलताही येत नाही. युनिकोड मजकूर इनडिझाइनमध्ये टाकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी झाली, तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी इनडिझाइनमधली सोय) लावलेला नाही असं समजा. प्रूफ वाचताना रफार, ‘ऱ्या’ आणि पहिली वेलांटी यांसाठी एक वेगळं वाचन करा. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का तेही पाहा. पुष्कळ फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच मराठी रूप दिसतं.

रेघोटी : ‘करेक्शन’साठी एक शब्द पुरणार नाही, दोन घ्या. दिलेलं मॅटर एक आणि जुळवलेलं दुसरं, किंवा ठरलेला रंग सोडून दुसराच वापरला, तर ती ‘दुरुस्ती’. ती डिझायनरने करून द्यायची, तिची मोजणी नाही. मॅटरच बदललं, मान्य केलेली मांडणी नको झाली, फोटो वाढले, तर तो ‘बदल’. बदलांच्या फेऱ्या मोजायच्या. साधारणपणे दोन फेऱ्या मोबदल्यात धरतात, तिसरीपासून वेगळा दर.

‘फेरी’चीही व्याख्या लिहा : एकाच व्यक्तीने पाठवलेली, सगळ्यांच्या सूचना एकत्र केलेली एक यादी. समितीतल्या पाच जणांनी आपापले निरोप पाठवले की एकाने मोठा करायला सांगितलेला मथळा दुसरा लहान करायला सांगतो, आणि काम तिथेच अडतं. मुद्रितशोधन झाल्याशिवाय मॅटर डिझायनरकडे जाता कामा नये. बहुतेक भांडणांचं मूळ तिथेच असतं.

सुलेखा : म्हणजे मूळ फाइल मिळाली की बोधचिन्ह आमचं झालं, असं धरायचं ना?

कलमबहाद्दर : नाही. फाइलचा ताबा वेगळा आणि कॉपीराइट वेगळा. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या बोधचिन्हाचा कॉपीराइट, करारात वेगळं काही नसेल तर, साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. हस्तांतर लेखी आणि त्याच्या सहीचं लागतं. 1957 च्या कायद्याचं कलम 19 नीट वाचा : मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर 5 वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणून ‘सर्व हक्क दिले’ एवढ्यावर थांबू नका. ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर’ हे शब्द घाला. ‘वापराची परवानगी’ असं लिहिलंत तर ते हस्तांतर ठरत नाही.

फॉन्टचं विसरू नका. विकतच्या फॉन्टचा परवाना डिझायनरचा असतो, पॅकेजमध्ये तो आला म्हणून संस्थेचा होत नाही.

सुलेखा : ‘ब्लीड’ तसंच ठेवू?

खिळेजुळारी : तसंच ठेवा, कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्र कडेबाहेर वाढवतात त्याला प्रेसमध्ये तोच शब्द आहे. पण आकडा लिहा : चारही बाजूंना 3 मिमी. ए-फाइव्ह (A5) आकाराचं मुखपृष्ठ 148 × 210 मिमी. पुढचं-मागचं मिळून फाइल करताना मधे कणा (पुस्तकाच्या जाडीची बाजू) येतो. 160 पानं म्हणजे 80 पत्रे, कागदाची जाडी 0.1 मिमी धरली तर कणा 8 मिमी. एकूण 304 × 210, ब्लीडसह 310 × 216. जाहिराती उशिरा येऊन पानं 192 झाली तर कणा 9.6 मिमी होतो आणि कण्यावरचं नाव घडीवर सरकतं. त्यामुळे पानांची संख्या आणि कागद पक्का झाल्याशिवाय मुखपृष्ठाची छपाईची फाइल मागू नका. तोवर पुढच्या बाजूच्या मांडणीलाच मंजुरी द्या.